कुठल्या देवळाची तू?

माझं माहेर गास, सासर सफाळे. मधे वैतरणा.

लग्न होऊन नदीच्या या बाजूला आले तेव्हा लोकल विरारलाच संपायची. पुढे शटल. डहाणूपर्यंत लोकल आली ती २०१३ च्या एप्रिलमध्ये. तोवर माझी मुलं कॉलेजात गेली होती. माहेरी जायचं म्हणजे पहाटेची शटल धरायची, वैतरणेवरचे दोन पूल आणि त्यांच्यामधलं वाढीव बेट मागे टाकायचं, विरारला गाडी बदलायची आणि नालासोपाऱ्याला उतरायचं. शटलच्या बायकांच्या डब्यात पाय ठेवायला जागा नसे. एडवण, माकुणसार, केळव्याकडच्या बायका भाजीच्या पाट्या घेऊन निघालेल्या असत. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या अळूच्या जुड्या, शेवग्याच्या शेंगांचे भारे, केळफुलं, तोंडली. अशाच एका पहाटे मी दाराशी अंग चोरून उभी होते, कडेवर सहा महिन्यांचा मुलगा. पाटीला टेकून बसलेल्या एका म्हातारीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. लाल चौकड्यांचं लुगडं, कानांत जड सोनं. आमच्याकडची, हे मला बघताक्षणी कळलं. तिलाही कळलं असावं.

"कुठली गं तू?"

"सफाळ्याची."

तिनं मान हलवली. हे उत्तर तिला नको होतं.

"ते झालं. कुठल्या देवळाची?"

"गासच्या. गोन्सालोच्या."

"मग उभी का? ये, बस." तिनं पाटी सरकवली, स्वतः आक्रसली, आणि एका माणसाची जागा कुठून कोण जाणे निघाली. "मी निर्मळची. पवित्र क्रुसाची." विरार येईपर्यंत मुलगा तिच्या मांडीवर गाढ झोपला होता. तिचं नाव मी विचारलं नाही, तिनं माझं विचारलं नाही. देवळांची नावं एकमेकींना सांगून झाली होती, तेवढं दोघींना पुरलं.

आम्ही चर्चला देऊळ म्हणतो. पुस्तकात चर्च असेल, पत्रिकेवर चर्च छापत असतील, पण माझी आजी देवळात जायची, आई देवळात जायची आणि मीही देवळातच जाते. वसईत माणसाचा पत्ता देवळावरून सांगतात. नंदाखालचा म्हणजे पवित्र आत्म्याचा, माणिकपूरचा म्हणजे मीखाएलचा, सांडोरचा म्हणजे थॉमसचा, आगाशीचा म्हणजे याकोबाचा. गावाला ग्रामदैवत असतं तसा देवळाला संत असतो. आमच्या धर्मगुरूंच्या भाषेत तो आश्रयदाता संत. घरच्या भाषेत तो नुसता 'आमचा'. एडवणची माणसं 'आमची आशापुरी' म्हणतात, केळव्याची 'आमची शितलाई' म्हणतात, त्यात जो 'आमची' आहे तोच हा.

रमेदी हे वसईतल्या एका वस्तीचं नाव. तिथं देऊळ आहे ते रेमेदी मातेचं, म्हणजे दुखण्यावर उपाय करणाऱ्या मातेचं. पोर्तुगीजांनी देवळाला दिलेलं नाव वस्तीनं स्वतःला लावून घेतलं आणि आता रिक्षावाल्याला 'रमेदी' म्हटलं की तो अर्थ न विचारता रिक्षा वळवतो. वांद्र्याच्या डोंगरावरची मारिया कोळणींच्या तोंडी मोत माऊली झाली. या नावांवर मी तासन्‌तास विचार करू शकते. ती आली परक्या जहाजातून, परक्या जिभेवरून, राज्यकर्त्यांच्या हुकमातून. हे मी विसरत नाही आणि विसरू नये असंच मला वाटतं. पण ती टिकली ती हुकमानं नव्हे. सेबास्तियांवचा बस्त्याव झाला, दोमिंगोसचा दुमिंग, इग्नासियोचा इनास, कायेतानोचा कैतान. शेतावरून हाक मारायला जे नाव सोपं पडलं ते राहिलं. पाट्याचा दगड वापरून वापरून मधे खोलगट होतो, तशी ही नावं आमच्या बायकांच्या जिभेनं झिजवून आपल्या मापाची करून घेतली.

आमच्यात घोन्साल्विस आडनावाची कितीतरी घरं. पोर्तुगीजात त्या आडनावाचा अर्थ गोन्सालोचा मुलगा. कुठला तरी एक गोन्सालो, कधीतरी, कुणाचा तरी बाप.

चर्चच्या कायद्यात एक कलम आहे, १२१८ वं. प्रत्येक देवळाला स्वतःचं नाव असावं आणि देवळाचा विधिपूर्वक अभिषेक झाल्यावर ते बदलता येणार नाही, असं ते सांगतं. मला हे कलम फार आवडतं. इमारत पाडता येते, नवी बांधता येते, पण नाव एकदा दिलं की दिलं. या नावांचं मूळ कबरींत आहे. रोममध्ये हुतात्म्यांच्या थडग्यांवर देवळं उभी राहिली. पेत्रसाच्या थडग्यावर पेत्रसाचं. आजही देवळातल्या कायमच्या वेदीखाली संताचा अवशेष ठेवण्याची जुनी चाल पाळली जाते. म्हणजे देवळाचं नाव एका माणसाचं असतं, जो जेवला, आजारी पडला, घाबरला आणि मेला.

आमचा गोन्सालो तर इथलाच.

१५५६ च्या सुमारास तो वसईत जन्मला. बाप पोर्तुगीज सैनिक, आई इथली. किल्ल्यात जेझुइटांची शाळा होती, तिथं शिकला. पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबरच जपानला गेला. जपानी भाषा त्यानं अशी आत्मसात केली की धर्मगुरूंना लोकांशी बोलायला तो लागायचाच. आठ वर्षं त्यानं हे काम केलं. त्याला त्यांच्यातलाच एक व्हायचं होतं, जेझुइट व्हायचं होतं. त्यांनी घेतलं नाही.

लहानपणी धर्मशिक्षणाच्या तासाला हे वाक्य आम्हाला भरकन सांगितलं जायचं आणि गोष्ट पुढे हौतात्म्याकडे धावायची. मी मात्र तिथंच थांबून राहायचे. आठ वर्षं. रोज त्यांच्या पंक्तीला जेवणारा, त्यांचे शब्द दुसऱ्या भाषेत वाहून नेणारा, आणि तरी उंबऱ्याबाहेरचा. मिश्र रक्ताचा, आईकडून या मातीचा. त्यानं काय केलं असेल त्या दिवशी? पुढचं इतिहास सांगतो. तो तिथून निघाला, व्यापारी झाला, चांगला पैसा मिळवला. मग मनिलाला गेला आणि एक दिवस सगळं सोडून फ्रान्सिस्कनांच्या दाराशी उभा राहिला. त्यांनी त्याला बंधू म्हणून घेतलं. धर्मगुरू नव्हे, साधा बंधू. कमरेला फ्रान्सिसची दोरी आली. तिला तीन गाठी असतात: दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन.

फ्रान्सिस्कन म्हणजे असिसीच्या फ्रान्सिसचे. आपल्याकडे रामदासी म्हणतात तसं. माणूस आपलं घराणं सोडतो आणि एका मेलेल्या माणसाचं नाव आडनावासारखं लावतो. डॉमिनिकन हे डॉमिनिकचे, ऑगस्टिनियन हे ऑगस्टीनचे. वसईच्या किल्ल्यात या सगळ्यांचे मठ होते. लहानपणी मला हे अवघड वाटलं नाही, कारण माझ्या घरात असा एक मेलेला माणूस येऊन गेला होता.

मी आठ वर्षांची असताना वडील गेले. वाडी दुसऱ्याची, आम्ही वाटेकरी. पुढच्या रविवारी तिन्हीसांजेला दोन माणसं आली. दाराबाहेर चपला काढल्या, आत आली, आईपुढं गुडघ्यात मान घालून काही वेळ नुसती बसली. जाताना एक तांदळाची पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि माझ्या हातात शाळेच्या फीची पावती दिली. आई रडत काही बोलायला लागली तर त्यातला मोठा म्हणाला, "आमचं काही नाही, ताई. व्हिन्सेंटकडनं आहे." मग दर पंधरा दिवसांनी ती येत. माणसं बदलत, पिशवी तीच. मला कितीतरी दिवस वाटायचं की गावात व्हिन्सेंट नावाचा कुणी गृहस्थ आहे, तो आजारी असल्यामुळे स्वतः येत नाही. देवळात मी त्याच्या तब्येतीसाठी प्रार्थनाही करायचे.

व्हिन्सेंट डी पॉल फ्रान्समध्ये १६६० साली वारला. त्याच्या नावाची सोसायटी पॅरिसमध्ये १८३३ साली निघाली, फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं आणि त्याच्या मित्रांनी काढलेली. गरिबाच्या घरी स्वतः जायचं, हा त्यांचा नेम. आमच्याकडे गावोगावच्या देवळांत ती आहे. हे मला डी. एड.ला असताना कळलं आणि त्या दिवशी मी वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन पुष्कळ रडले. दीडशे वर्षांच्या आसपास दुसरी माणसं त्याच्या नावानं पिशव्या उचलत होती आणि कुणीही आपलं नाव सांगत नव्हतं. संताचं नाव लावण्याचा हा अर्थ मला पुरेसा आहे. दुसरा कुणी समजावला तर मी ऐकून घेते, पण माझा हाच.

गोन्सालोकडे परत येते. १५९३ मध्ये मनिलाहून जपानच्या सत्ताधीशाकडे, तोयोतोमी हिदेयोशीकडे, पेद्रो बाप्तिस्ता नावाच्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचं एक मंडळ गेलं. दुभाष्या म्हणून आमचा गोन्सालो. तीनेक वर्षं त्यांनी तिथं कुष्ठरोग्यांची सेवा केली, दवाखाना चालवला. मग वारं फिरलं. १५९६ च्या डिसेंबरात धरपकड झाली. एकूण सव्वीस जण: सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट, बाकीचे साधे जपानी ख्रिस्ती, त्यांत बारा-तेरा वर्षांची मुलंसुद्धा. क्योतोत त्यांच्या डाव्या कानाची पाळी कापली आणि भर थंडीत जवळजवळ महिनाभर चालवत नागासाकीला नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ ला निशिझाका टेकडीवर क्रुसांना बांधून भाल्यांनी भोसकलं. पहिला क्रूस गोन्सालोचा होता असं सांगतात. त्याचं वय चाळीसच्या आसपास.

१६२७ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी त्याला धन्यवादित म्हणून घोषित केलं. संतपद मिळालं ८ जून १८६२ ला, नवव्या पायसांच्या हातून. मरणानंतर दोनशे पासष्ट वर्षांनी. तोवर वसईत पोर्तुगीज उरले नव्हते, किल्ल्यातली देवळं ओसाड झाली होती, भिंतींतून पिंपळ उगवले होते. दोनच वर्षांनी, १८६४ मध्ये, आमच्या दारावरून जाणारी मुंबई-गुजरात रेल्वे सुरू झाली. त्याच सुमारास तिकडे नागासाकीत ओउराचं देऊळ बांधून झालं. ते 'जपानच्या सव्वीस हुतात्म्यांचं' देऊळ, त्या टेकडीकडे तोंड करून उभं असलेलं. १८६५ च्या मार्चमध्ये त्याच्या दारात उराकामी गावची काही माणसं आली. अडीचशे वर्षं लपून, पाद्रीविना, पिढ्यानपिढ्या प्रार्थना पोचवत त्यांनी श्रद्धा जपली होती. आत येऊन त्यांनी धर्मगुरूंना पहिलं काय विचारलं, तर मारियेची मूर्ती कुठे आहे. त्या देवळाच्या नावातल्या सव्वीसांत एक आमचा आहे, हे आठवलं की गास आणि नागासाकी मला शेजारशेजारची गावं वाटतात.

आणि वसईच्या किल्ल्यात काय झालं पाहा. डॉमिनिकनांचं एक देऊळ तिथं १५८३ मध्ये उभं राहिलं, संत गोन्सालोचंच. पण तो गोन्सालो पोर्तुगालमधल्या आमारांतीचा. आज वसईत गोन्सालो म्हटलं की तो आठवत नाही, आपलाच आठवतो. बाहेरून आलेलं नाव इथल्या एका मुलानं जगून, मरून आपलं करून टाकलं. आणि जेझुइटांचं जे देऊळ किल्ल्यात आहे, येशूच्या पवित्र नावाचं, ज्यांच्या शाळेत तो शिकला आणि ज्यांनी त्याला आपल्यात घेतलं नाही, ते आज लोक गोन्सालो गार्सियाचं देऊळ म्हणून ओळखतात. कलम १२१८ लोकांच्या जिभेला लागू नसावं. त्या देवळाच्या कमानीखाली मी उभी राहते तेव्हा दर वेळी मनात म्हणते, आलास ना शेवटी आत.

किल्ल्याच्या बुरुजांचीही नावं संतांची होती: सेबास्तियन, पेद्रो, पावलो, गोन्सालो, रेमेदी माता. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सुरुंगांनी तट फुटला तो रेमेदी आणि सेबास्तियन या बुरुजांपाशी. मी तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं. वसईच्या मोहिमेचा पाठ मी कधी पुटपुटत उरकला नाही. त्या माणसांचं धाडस, खाडी ओलांडून तटाला भिडणं, हजारोंनी पडणं, हे मी मुलांना उभं करून दाखवायचे. इथून जवळच तारापूरच्या तटाशी १७३९ च्या जानेवारीत बाजी भिवराव पडले, ते सांगताना माझा गळा दाटायचा. आणि तास संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना त्याच तटाच्या आतलं देऊळ डोळ्यांपुढे यायचं. दोन्ही माझंच आहे. यातलं कुठलं तरी एक निवड, असं मला कुणी म्हटलं तर मला प्रश्नच कळत नाही.

शाळेची सहल एकदा वाईला गेली होती. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा घाट, मेणेश्वर. तिथं एका दगडी मेघडंबरीत मोठी घंटा टांगली आहे, वसईच्या मोहिमेतून आलेली म्हणून ओळखली जाणारी. मुलं आधीच तिच्याखाली जमली होती. मी जवळ गेले. धातूवर १७०७ साल, आणि कडेवर बाळ घेतलेली आई. हिरवट पडलेल्या त्या उठावावर बोट फिरवलं. आईच्या चेहऱ्याची नाकडोळ्याची रेघ पुसट झाली होती, बाळाचं डोकं मात्र गुळगुळीत चमकत होतं. माझ्यासारखीच किती बोटं फिरली असतील. नाशिकला नारोशंकराची घंटा आहे तीही तशीच, १७२१ ची. आमच्यात घंटेलाही आशीर्वाद देऊन संताचं नाव ठेवायची चाल आहे. या घंटांचं नाव काय होतं? वितळून तोफा झालेल्या कित्येक घंटा असतील. या मात्र देवळातून निघून देवळातच गेल्या. एका मुलीनं विचारलं, "बाई, वाजवू?" मी म्हटलं, "वाजव." त्या आवाजानं घाटावरची माणसं वळली नाहीत. त्यांना तो रोजचाच.

नदीच्या या बाजूला पुसट होणं फार झालं. वैतरणेच्या मुखाशी दातिवऱ्याचा किल्ला, कोऱ्याचा, केळव्याचा, खाडीतला तो जहाजासारखा पाणकोट, माहीम, शिरगाव, तारापूर. तारापूरला डॉमिनिकनांचा मठ होता. ही सगळी ठिकाणं १७३९ च्या सुरुवातीच्या महिन्यांत पडली आणि त्यांच्याबरोबर कितीतरी देवळांची नावं गेली. नवी नवरी असताना मी केळव्याच्या सुरूंमधून फिरायचे, वाळूत रुतलेल्या भिंतीवर बसायचे आणि विचार करायचे, इथं कुणाच्या नावानं दिवा लागत असेल? सेबास्तियनच्या? योहानाच्या? इथल्या कुठल्या आईनं कुठल्या संताला पोराच्या तापाचं गाऱ्हाणं सांगितलं असेल? वसईत नावं माणसांच्या तोंडी राहिली म्हणून देवळं पडली तरी परत बांधता आली. इथं तोंडंच पांगली.

पण आता नावं परत येतात. वसईहून जमीन घेऊन इकडे आलेली आमच्यासारखी घरं आपला संत भिंतीवरच्या तसबिरीतून घेऊन आली. बोईसर-तारापूरला कारखाने आले, अणुवीज केंद्र १९६९ पासून सुरू आहे, त्यांच्यामागे केरळची, तमिळनाडूची, मंगळूरची, झारखंडची माणसं आली. कुणाच्या कपाटावर वेलंकणी माता भगव्या साडीत, कुणाच्या दारावर २००८ मध्ये संतपद मिळालेली अल्फोन्सा, कुणाकडे हरवलेल्या वस्तू शोधून देणारा अंतोनी. माझी धाकटी सून अशाच एका मल्याळी घरातली. तिनं पहिल्या आठवड्यात माझ्या गोन्सालोशेजारी आपली अल्फोन्सा टांगली, खिळा ठोकायच्या आधी मला विचारून. "आई, चालेल ना?" म्हटलं, "त्याला सोबत होईल. आयुष्यभर परक्या मुलखातच राहिला तो."

आमच्या शेजारी एक काकी राहतात. माहेर त्यांचं दातिवऱ्याकडचं, कोळ्याघरचं. नवरात्रात आशापुरीला चालत जाणाऱ्या. त्यांचा मुलगा मोठ्या मालवाहू जहाजावर नोकरीला. सहा सहा, आठ आठ महिने बाहेर. एका वर्षी त्याचा फोन यायचा थांबला. जहाज कुठल्याशा बंदरात अडकलं होतं, एवढंच कळलं होतं. जानेवारी होता. गोन्सालोचा सण किल्ल्यात भरतो तो नाताळनंतरच्या पौर्णिमेजवळच्या रविवारी. आजी सांगायची की पूर्वी बैलगाड्या रात्रीच्या परतायच्या, त्यांना चांदणं हवं असायचं. मी सणाला निघायच्या आदल्या संध्याकाळी काकी कुंपणाशी आल्या.

"बाई, तुझा बाबा दर्यापार गेलेला ना?"

"हो. जपानला."

"मग त्याला दर्या कळत असणार."

मला काय बोलावं सुचलं नाही. तो दर्यापार गेला खरा, पण परत आला नाही, हे मी त्यांना सांगू शकले नाही. त्याची आई त्याची वाट बघत वसईतच कधीतरी गेली असेल. पंधरा वर्षांचा पोरगा धक्क्यावरून गेला तो गेलाच. या आईचा विचार मी तोवर कधी केला नव्हता. आमच्या कुठल्याही प्रार्थनेत ती नाही.

सकाळी काकींनी माझ्या पिशवीत एक पुडी ठेवली. केळीच्या पानात बांधलेली. आत विडा. माहीम-केळव्याच्या बागेतली पानं, देठ खुडलेली, एकावर एक, वर सुपारी, वर रुपयाचं नाणं, बाजूला अबोलीचा छोटा गजरा. "त्याच्यासमोर ठेव. म्हणावं, दातिवऱ्याची आई आलेली."

किल्ल्यात त्या दिवशी गवत तुडवलं गेलेलं असतं. ऊन तिरपं, दगड गार. मिस्सा मराठीत, हजारो माणसांचा एक सूर, आणि वरून बुलबुल ओरडत जातात. मूर्तीपुढे मेणबत्त्या, झेंडू, हार. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईनं लुगड्याच्या गाठीतून नोट काढून टाकली, हात कपाळाला लावला. माझी पाळी आली. मी पुडी सोडली. पानं अजून ओली होती. विडा पायथ्याच्या दगडावर ठेवला, गजरा त्यावर. शेजारी उभ्या असलेल्या तरुण धर्मभगिनीनं बघितलं. मला वाटलं ती काही म्हणेल. तिनं वाकून, कलंडणारी एक मेणबत्ती विड्यापासून जरा दूर सरकवली, पानं जळू नयेत म्हणून.

मी म्हटलं, "दातिवऱ्याची आई आलेली आहे." मग, का कोण जाणे, "तुझीही" असं म्हटलं.

परतीची लोकल रात्रीची मिळाली. डबा जवळजवळ रिकामा. वैतरणेचा पूल लागला तसा खडखडाट बदलला. दारात येऊन उभी राहिले. चंद्र पुरता वर आला होता, भरती होती, वाढीवच्या बाजूला एक होडी काळ्या ठिपक्यासारखी. सफाळ्याला उतरून घरी पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. शेजारच्या ओटीवर दिवा होता. काकी पायरीवर बसल्या होत्या, अंगावर शाल ओढून.

"ठेवलास?"

"ठेवला."

"काही बोलला?"

मी त्यांच्याजवळ पायरीवर बसले. पिशवीतून सणाचे तळलेले फुगे काढले, कागदात गुंडाळलेले, अजून मऊ. त्यांच्या हातावर दोन ठेवले.

"खा आधी," म्हटलं.

त्यांनी एक मोडला, अर्धा मला दिला. आम्ही दोघी खात बसलो. रस्त्यापलीकडून गाडीचा भोंगा आला, लांबलचक, वैतरणेच्या दिशेचा. काकींनी तोंडातला घास थांबवून तो संपेपर्यंत ऐकला.